शुक्रवारचं शीतयंत्र

१

फरहान खरबे सापडला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फ साचला होता. भिवंडीत, आणि तोही भर मे महिन्यात.

सब-इन्स्पेक्टर पूर्वी म्हात्रेला फोन आला तेव्हा ती अंजूरला मामाच्या अंगणात उष्टी ताटं ओलांडत चहा शोधत होती. मामेबहिणीची हळद शुक्रवारी दुपारी सुरू झाली होती आणि शनिवार उजाडला तरी बेंजोवाले आवरायला तयार नव्हते. संध्याकाळी लग्न. नवरीचा भाऊ भाविक पहाटेच बर्फाच्या लाद्या आणायला गेला होता, तो आता कुठे परत आला म्हणून मामी त्याला अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी झापत होती. पूर्वीने तसाच युनिफॉर्म चढवला. हात पिवळे होतेच, बाहीलाही हळद लागली.

"काल्हेर. तुझ्या मामाचंच गोडाऊन आहे म्हणे," साहेब फोनवर म्हणाले. "अपघात दिसतोय. संध्याकाळपर्यंत मिटव. लग्न आहे ना घरात?"

ते गोडाऊन तिला ठाऊक होतं. केसरीनाथ मामाची खाडीकाठची शेती गेली, तिथे गोडाऊनं उभी राहिली. त्यातल्या एकात मामाच्या इंजिनियर पोराने, भाविकने, ट्रकवाल्यांना भाड्याने द्यायचं सोडून एक कारखाना काढला. अवकाशयानावरच्या उपकरणांसाठी शीतयंत्रं बनवायचा. दूरच्या ग्रहांची ऊब टिपणारा एक डोळा यानावर असतो. तो डोळा उणे दोनशे अंशांवर ठेवला नाही, तर स्वतःच्याच उबेने आंधळा होतो. त्याला गार ठेवणारं यंत्र मुठीएवढं. आत एक दट्ट्या मागेपुढे हलत राहतो, वर्षानुवर्षं, आणि तिथे दुरुस्तीला कोणी मिस्त्री जाऊ शकत नाही. गावाला यातलं एवढंच कळलं की भाविक कूलर बनवतो. नाक्यावर फ्लेक्स लागला होता, 'अंजूरचा कूलर अवकाशात', खाली भाविकचा गॉगल घातलेला फोटो.

गोडाऊनच्या दारात अक्सा उभी होती. शीतयंत्राभोवती गुंडाळायच्या चंदेरी पडद्यांचं काम करणाऱ्या बायकांची ती प्रमुख. तिशीची, नीटनेटकी, आणि आज चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला.

"मी पहिली आले. काचेतून तो पडलेला दिसला," ती म्हणाली. "धावत आत जाणार होते, पण आम्हाला शिकवलंय, आधी हवा मोकळी करायची. बाहेरचा नायट्रोजनचा व्हॉल्व्ह उघडा होता, तो बंद केला, पंखा लावला, मग दार उघडलं. त्यानंतर कोणालाच आत सोडलं नाही. भाविकसर आले तेही गेटपाशीच थांबले."

केबिन काचेची होती. मधल्या टेबलावर शीतयंत्र, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची, आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर फरहान, इथला चाचणी घेणारा इंजिनियर.

"नायट्रोजनला वास नसतो?"

"वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. खोलीतली हवा तो बाहेर ढकलतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, त्याला कळतसुद्धा नाही." अक्साने दाराबाहेरच्या भिंतीकडे बोट केलं. "म्हणून हा अलार्म आहे. ऑक्सिजन कमी झाला की बोंबलतो."

अलार्मची पिन सॉकेटमधून काढलेली होती, वायरला लोंबत होती. पांढऱ्या पिनेवर लालसर फरकाटा. पूर्वीने वाकून पाहिलं. रक्त नव्हतं. शेजारी साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली टांगली होती. इथे हाताला येईल ती वस्तू पुसून ठेवायची रीत होती, म्हणूनच तो डाग डोळ्यांत खुपला.

"पिन कोणी काढली?"

अक्सा जरा घुटमळली. "टेस्टच्या वेळी फरहानच काढायचा. अलार्मच्या आत छोटा पंप आहे, त्याची थरथर मोजणीत येते. आमची खरी टेस्ट फक्त शुक्रवारीच होते, मॅडम. बाकीचे दिवस हे असतं ना."

हे म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. भिंतीपलीकडे अब्दुर्रहमान शेठचा यंत्रमागांचा कारखाना होता. त्याच्या खटखटाटाने टेबलावरचा चहाचा कपही चालायला लागला असता. शुक्रवारी माग बंद, म्हणजे जमीन शांत आणि हवेत सुताची फुई, बारीक तंतू, नाहीत. माणसाच्या केसाहून बारीक फटीत दट्ट्या बसवायचा तर तो शुक्रवारीच, आणि त्याची थरथर मोजायची तीही शुक्रवारीच. भिवंडीत अवकाशाचं काम करायचं, तर एवढं पथ्य पाळावंच लागतं.

"टेस्ट किती वाजेपर्यंत चालली?"

"बाहेरच्या कॉम्प्युटरवर काल दुपारपर्यंतचं रेकॉर्ड आहे. पुढे काहीच नाही."

डॉक्टरांनी प्रेताला हात लावून तेच सांगितलं. अंग इतकं गार आहे, म्हणजे कालची दुपार. नक्की काय ते चिरफाड झाल्यावर.

पूर्वीला बोललेलं धड ऐकू येईना. ती पलीकडे गेली आणि अब्दुर्रहमान शेठना माग थोडा वेळ थांबवा म्हणाली. शेठनी कपाळाला हात लावला.

"आजच थांबवू? गुरुवारपर्यंत पांढरा माल होता. काल सुट्टीत मागांवरचे सुताचे बीम सगळे बदलून घेतले, आज सकाळी हिरव्या टॉवेलचा माल सुरू केला, आणि लगेच बंद? बरं, फरहानसाठी थांबवतो. पोरगा चांगला होता. मय्यतीला आम्ही सगळे येणार."

माग थांबले. पूर्वीला सटासट चार शिंका आल्या. तिने रुमालाने नाक पुसलं, रुमाल खिशात कोंबला आणि भाविकला बोलवायला सांगितलं.

२

भाविक आला तो रडवेला होऊन. दोघं बरोबर वाढलेले. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची आणि ओवाळणीवरून भांडायची. त्याचे तळहात तिच्यासारखेच पिवळे होते.

"ताई, माझा उजवा हात गेला गं," तो म्हणाला. "हजारदा सांगितलं होतं, एकटा असताना पिन काढू नकोस. ऐकायचा नाही. त्याच्या निष्काळजीपणाने तोही गेला आणि आता माझं नावही जाणार. सोमवारी यंत्र पाठवायचंय."

"काल इथे कोण होतं?"

"मी तर तुझ्यासमोरच होतो, दुपारपासून. तूच मला नाचायला ओढलंस." तो थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एजाज आला होता. दोघांची जुंपली, असं कानावर आलंय. मला कोणाचं वाईट चिंतायचं नाही, पण तू पोलीस आहेस, म्हणून सांगितलं."

एजाज हा जोडणीचा कारागीर. गालात पान, बोटं कात-चुन्याने लाल. त्याने काहीच नाकारलं नाही.

"हां, झगडा झाला. जुम्म्याची नमाज पढून मी आलो, तर तो लालबुंद. म्हणाला, दट्ट्या घासतोय, थरथर वाढतेय, तू जोडणी कधी केलीस? मी म्हटलं, बुधवारी. भाविकसरने सांगितलं, जल्दी आहे, बुधवारीच कर. तो म्हणाला, माग चालू असताना यंत्र उघडलंस? फुई गेली असेल आत! मी पण चिडलो. ऑर्डर सरची, गाली मला. तो म्हणाला, रात्रभर चालवून पक्कं करतो, मग यंत्र खोलायचं. मी निघून गेलो."

"तेव्हा अलार्मची पिन?"

"काढलेलीच होती. टेस्ट चालू होती ना."

"तू हात लावलास तिला?"

"कसम से नाही."

"आणि आज सकाळी कुठे होतास?"

"अंधार होता तेव्हापासून वडप्याला, गॅस प्लांटवर, नायट्रोजन भरून आणायच्या रांगेत. आत्ता आलो, तर हे."

पूर्वीने त्याच्या लाल बोटांकडे पाहिलं आणि तिला पिनेवरचा डाग आठवला. साहेबांना फोनवर तिने भांडण सांगितलं, डाग सांगितला. साहेब लगेच खूश झाले.

"मग अपघात कसला? व्हॉल्व्ह उघडला आणि चालता झाला. काल दुपारी दुसरं कोणी नव्हतंच तिथे. बसव त्याला आत."

एजाजला गाडीत बसवताना तो ओरडला नाही, रडला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, माझ्या अम्मीला तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर ती मरेल." पण डाग होता, भांडण होतं, वेळ होती. नाही म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं.

३

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात फरहानची बायको रुबीना भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपलेली.

"रात्री घरी आले नाहीत, तुम्हाला काळजी वाटली नाही?" पूर्वीने तिच्या शेजारी बसत विचारलं.

"टेस्टच्या रात्री ते तिथेच थांबतात. फोनही बंद करतात, थरथर नको म्हणून." रुबीनाचा आवाज सपाट होता. "सकाळपासून येतील ते लोक मला हेच सांगतायत, पिन त्याने स्वतः काढली, आपल्या हाताने मेला. मॅडम, माझा त्यावर विश्वास नाही."

"टेस्टमध्ये काढायचे ना ते?"

"काढायचे. आणि लावायचेही! माग सुरू झाले की टेस्ट संपली. मग आधी पिन लावणार, मग बाहेरच्या नळावर तोंड धुणार, मग मला फोन करणार. याच क्रमाने, कधीच चुकायचे नाहीत. मी चिडवायचे, बायकोच्या आधी तुम्हाला पिन आठवते." तिने मांडीवरच्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "ही मोठी झाल्यावर विचारेल. काय सांगू हिला? बाप बेपर्वा होता?"

पूर्वीने फरहानच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी ओळख पटवण्यासाठी समोर ठेवली. किल्ल्या, बंद फोन, रुमाल.

"रुमाल कालचाच," रुबीना म्हणाली. "काल सकाळी मीच हातात दिला, धुतलेला."

पूर्वीने रुमाल उलगडला. पांढराशुभ्र, पाण्याने ओला होऊन वाळलेला, आणि मधोमध नाक पुसल्याचा एक ओघळ.

ओघळ हिरवा होता.

४

पूर्वीने तो ओघळ उजेडात धरला. मग खिशातून स्वतःचा रुमाल काढला. तसाच हिरवा ओघळ.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागावर ज्या रंगाचं सूत, त्या रंगाचं नाक. आईबाप पोराचं नाक पुसतानाच ओळखतात, हा कोणाच्या कारखान्यात खेळून आला. गुरुवारपर्यंत पलीकडे पांढरा माल होता. शुक्रवारी माग बंद. हिरवं सूत हलायला लागलं ते आज सकाळी.

आणि मेलेला माणूस श्वास घेत नाही.

पूर्वी चिरफाडीच्या खोलीकडे जवळजवळ धावलीच. डॉक्टर हात धूत होते.

"नाकात काही सापडलं?"

"तुम्हाला कसं कळलं? हिरवट तंतू, दोन्ही नाकपुड्यांत. आणि वेळेचं म्हणाल, तर माझा सकाळचा अंदाज मी मागे घेतो. अंग गार होतं ते त्या वायूने. तो टाकीतून निघतो तेव्हाच बर्फासारखा असतो. आजची सकाळसुद्धा असू शकते."

सगळं उलटं झालं. फरहान रात्रभर जिवंत होता. रात्रीची नोंद होती, ती कोणीतरी पुसली. सकाळी माग सुरू झाले तेव्हा त्याने टेस्ट थांबवली, पिन लावली, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा यंत्रापाशी येऊन बसला; बायकोला फोन करायचा तेवढा राहिला. म्हणजे पिन लावलेली होती. ती नंतर कोणीतरी ओढून काढली, केबिनच्या बाहेर उभं राहून, आत माणूस बसलेला दिसत असताना. हा अपघात नव्हता. आणि त्या वेळी एजाज वडप्याला रांगेत होता. तिने तिथे फोन लावला. रांगेतल्या ड्रायव्हरांनी सांगितलं, गेटच्या कॅमेऱ्यानेही दाखवलं.

मग पिनेवरचं पान कोणाचं?

ती बेसिनपाशी थांबली. घामाने बाहीची हळद मनगटावर उतरली होती. साबण घेऊन तिने बाही चोळली, आणि हात तसाच राहिला. पिवळा डाग साबणाखाली लाल होत चालला होता. घराघरातल्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट. हळदीला साबण लागला की ती कुंकवासारखी होते.

काल्हेरला पोचल्यावर तिने डागाचे फोटो घेतले, अक्साला आणि अब्दुर्रहमान शेठना साक्षीला उभं केलं आणि नाक्यावरून आणलेलं लिंबू कापलं.

"पान असेल तर लालच राहील," ती म्हणाली. "हळद असेल तर आंबट लागल्यावर परत पिवळी होईल."

डागाच्या एका टोकाला तिने एकच थेंब लावला. तिघंही वाकून बघत होते. लाल कडा फिकी झाली, मग नारिंगी, मग स्वच्छ पिवळी.

"हळद?" अक्सा पुटपुटली. "आमच्याकडे हळद कोणाच्या हाताला असणार?"

पूर्वीने स्वतःच्या पिवळ्या तळहाताकडे पाहिलं. तिला मामीचा सकाळचा आरडाओरडा ऐकू येत होता. बर्फाच्या लाद्या आणायला इतका वेळ लागतो का रे?

५

मंडपात अक्षता पडल्या होत्या आणि जेवणावळी सुरू होत्या. पूर्वीने दोन शिपाई गेटवर ठेवले आणि भाविकला घरामागच्या पडवीत बोलावलं. केसरीनाथ मामा मागोमाग आले. तिने त्यांना थांबवलं नाही.

"फरहान आज सकाळी मेला, भाविक. काल नाही."

भाविक हसायचा प्रयत्न करत होता. तिने त्याला रुमाल सांगितला. पिन सांगितली, लिंबू सांगितलं.

"हळद काय," तो म्हणाला, "मी मालक आहे. पिनेला कधीही हात लागला असेल."

"कधी? गुरुवारी तुझ्या हाताला हळद नव्हती. शुक्रवारी दुपारपासून तू माझ्यासमोर होतास, त्याला मीच साक्षीदार. आज प्रेत सापडल्यावर अक्साने कोणाला गेटच्या आत सोडलं नाही. मधे उरते ती सकाळ, तू बर्फ आणायला गेला होतास तेव्हाची. पिनेवर पिवळं उमटलेलं तुला दिसलं. शेजारच्या बाटलीतला साबण मारून तू पुसलंस, आणि ते लाल होऊन बसलं. तुला वाटलं असेल, चला, एजाज पान खातो."

भाविक खाली बसला. शेरवानीला माती लागली.

"मी फक्त बघायला गेलो होतो, टेस्ट पास झाली का," तो म्हणाला. "तो म्हणाला, यंत्र खोलावं लागेल. म्हटलं, सही कर, दोन वर्षं चाललं तरी खूप झालं, वर जाऊन कोण बघणार आहे? तो म्हणाला, वर कोणीच बघायला नाही म्हणूनच इथे बघायचं. आणि वळून कामाला लागला. माझ्याकडे पाठ करून! नाक्यावर माझा फ्लेक्स लागलाय, ताई. बापाने जमीन दिली. उद्या गाव काय म्हणालं असतं, कूलर बिघडला?" त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं. "रात्रीची नोंद नंतर पुसली. व्हॉल्व्हची चाकी फिरवली फक्त. आवाजसुद्धा झाला नाही."

"काचेतून बघत होतास?"

त्याने तोंडावरचे हात काढले नाहीत. तेच उत्तर होतं, आणि पूर्वीला ते जन्मभर पुरणार होतं.

मामा भिंतीला धरून उभे होते. ज्या माणसाने तिचे वडील गेल्यावर तिला शिकवलं, पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे स्वतः सोडायला आला, तो आता तिच्यापुढे हात जोडत होता.

"बाय, तू व्हतीस ना गो हलदीला? तू सांग कोर्टात. पोर रातभर तुज्यासमोर नाचत व्हता. तुजा शब्द कोनी मोडनार न्हाय."

"सांगेन, मामा," पूर्वी म्हणाली. "शुक्रवारी दुपारपासून पहाटेपर्यंत तो माझ्यासमोर होता आणि त्याचे हात हळदीने भरले होते. हेच सांगणार आहे मी. शपथेवर."

मामांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी जोडलेले हात सोडले आणि तिच्याकडे पाठ फिरवली. ती पाठ पुढे कधीच वळली नाही. मंडपातून नवरीला निरोप द्यायला भावाच्या नावाने हाका येत होत्या, तेव्हा भाविक मागच्या गेटने जीपमध्ये बसत होता.

एजाजला तिने स्वतः घरी नेऊन सोडलं. अम्मीला तिनेच सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी माग बंद असताना शीतयंत्र खोललं. एजाजने स्क्रू काढले, अक्साने भिंग धरलं. यंत्र मागवणाऱ्या संस्थेचे दोन शास्त्रज्ञ मागे उभे होते. रुबीनाला पूर्वीने मुद्दाम आणलं होतं. दट्ट्या बाहेर आला. त्याच्या अंगावर घासल्याचा चरा होता, आणि चऱ्याच्या टोकाला काहीतरी अडकलेलं. अक्साने ते चिमट्याने काचेवर ठेवलं. बुधवारच्या मालाचा, पांढऱ्या सुताचा एक तंतू, पापणीच्या केसाहून आखूड.

"त्यांचंच बरोबर होतं," शास्त्रज्ञांपैकी एक रुबीनाला म्हणाला. "हे वर गेलं असतं तर वाटेतच बंद पडलं असतं."

रुबीनाने मुलीला कडेवर घेतलं आणि दोघींनी वाकून काचेवर पाहिलं. बराच वेळ तिला काही दिसेना. मग दिसलं.

"एवढंच?" ती म्हणाली.